उळं टाकण्याआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव या पट्ट्यात पाण्याचा हिशोब टँकर सुरू झाल्यावर करून उपयोग नाही. तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उन्हाळ कांद्याचं उळं (रोपांसाठीचं बी) टाकण्याआधी व्हायला हवा. एकदा लागण झाली की उभं पीक कुणी सोडत नाही, आणि सोडा म्हणायचा हक्कही कुणाला नाही. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी योग्य वेळ. तयारी मात्र जूनपासून लागते.

पाऊस गावातच मोजा. इगतपुरीचा पाऊस आणि सिन्नरच्या पूर्व भागातला पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण एकाच तालुक्यातली दोन गावंही सारखी भिजत नाहीत. त्यामुळे तालुक्याच्या सरासरीवर विसंबू नका. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली वरून कापा आणि तोंडाकडचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तिथे खडे आणि सिमेंट घालून तो सपाट करा. तो सुकला की तिथून शून्य धरून बाहेर पट्टी चिकटवा. झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, जमिनीपासून फूटभर वर हे पर्जन्यमापक घट्ट रोवा. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायची आणि बाटली रिकामी करायची. हे काम शाळेतली मुलं मनापासून करतात. घोळ होतो तो रविवारी आणि सुट्ट्यांत. दोन दिवसांचा पाऊस एकत्र मोजला जातो किंवा अंदाजे लिहिला जातो. म्हणून सुट्टीच्या पाळ्या शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना आधीच वाटून द्या.

विहिरींची नोंद मोठ्या माणसांनी घ्यावी. नाल्याकाठच्या, मधल्या शिवारातल्या आणि माथ्याकडच्या मिळून 10-12 विहिरी निवडा. फक्त बंधाऱ्याखालच्या विहिरी घेतल्या तर गाव कागदावर श्रीमंत दिसतं. कठड्यावर लाल रंगाची खूण करा, दोरीला वजन बांधून दर फुटाला गाठ मारा आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मेअखेर, सप्टेंबरअखेर आणि जानेवारीत, एवढं पुरे. मोटर किमान आठ तास बंद असली पाहिजे. पहाटे मोजणं चांगलं, पण शेतीची वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात पहाटेची पातळी खोटी निघते, तेव्हा संध्याकाळी मोजा.

आता हिशोब. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. 600 हेक्टरच्या शिवारात 550 मिलिमीटर पडला तर 3,300 टीसीएम होतात (1 टीसीएम म्हणजे 10 लाख लिटर). हा आकडा ऐकून सभेत हायसं वाटतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. बरंचसं पाणी वाहून जातं, उडून जातं, खरिपाच्या पिकाला लागतं. आपल्या काळ्या खडकात ढोबळमानाने दहावा भाग मुरतो असं धरा, म्हणजे 330 टीसीएम.

त्यातून आधी पिण्याचं पाणी काढायचं. दीड हजार माणसांना दरडोई रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 30 टीसीएम, जनावरांना साधारण 8. साठ्याचा दहावा भाग पुढच्या पावसाला उशीर झाला तर म्हणून राखून ठेवा. उरले साधारण 260. पाटाने भरला तर एक एकर कांद्याला साधारण 2 टीसीएम लागतात, हरभऱ्याला 1. म्हणजे हे पाणी 130 एकर कांद्याला पुरतं किंवा 260 एकर हरभऱ्याला. हे वाक्य ग्रामपंचायतीच्या आणि दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. गावात सगळ्यात जास्त चर्चा याच ओळीवर होते, आणि ती व्हायलाच हवी.

सभेत बायकांना आधी बोलू द्या. घरातलं पाणी त्या भरतात. हंडा किती लिटरचा आहे ते मापाने एकदा मोजून घेतलं की रोजचे हंडे मोजून खरा वापर कळतो, आणि 55 चा आकडा आपल्या गावाला लागू पडतो की नाही तेही.

लागवडीचा आकडा वस्तीनिहाय मांडा, नावानिशी नको. नावं फळ्यावर लागली की पुढच्या वर्षी कुणी खरे एकर सांगत नाही. बोअरवेलचा विषय टाळू नका. विहिरी मोजल्या आणि बोअरने होणारा उपसा सोडला तर ताळेबंद फेब्रुवारीतच कोलमडतो. मेळ बसत नसेल तर प्रत्येक वस्तीने कांद्याचं क्षेत्र सारख्या प्रमाणात कमी करावं आणि तिथे हरभरा घ्यावा किंवा ठिबक बसवावं. ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याला यातून वगळा.

जानेवारीत पुन्हा दोरी सोडा. पातळी ठरल्यापेक्षा खाली गेली असेल तर उन्हाळी चाऱ्याचं क्षेत्र त्याच आठवड्यात कमी करा, आणि गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळच्या मोटरींच्या वेळा ठरवून घ्या.