विवाहपूर्व आणि विवाहोत्तर आर्थिक करार कसा करावा

लग्न करू पाहणाऱ्या दोघांनी आपापली मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जे यांचे लग्नानंतर काय होईल, आणि घटस्फोट किंवा मृत्यू ओढवला तर वाटणी कशी होईल, हे आधीच लेखी ठरवून घेतले की तो विवाहपूर्व करार होतो. हेच लग्नानंतर ठरवले तर त्याला विवाहोत्तर करार म्हणतात. दोघांपैकी एकाचा चालू व्यवसाय असेल, कुणावर मोठे कर्ज असेल, पहिल्या लग्नाची मुले असतील, किंवा एकाची कमाई दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त असेल, तर अशा कराराचा विचार जरूर करावा.

पहिले काम म्हणजे आपण काहीच लिहून ठेवले नाही तर कायदा काय करील, हे जाणून घेणे. करार नसला तरी नियम असतातच आणि ते देशागणिक बदलतात. जर्मनीत संसार सुरू असताना दोघांची मालमत्ता स्वतंत्र राहते, मात्र घटस्फोटाच्या वेळी लग्नाच्या काळात कुणाच्या संपत्तीत किती वाढ झाली हे मोजून तफावतीची निम्मी रक्कम दुसऱ्याला दिली जाते. फ्रान्समध्ये लग्नानंतर कमावलेले ते दोघांचे, आणि आधीचे किंवा वारशाने आलेले ते ज्याचे त्याचे, असा मूळ नियम आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, वेगळे ठरवले नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक धरली जाते. इंग्लंडमध्ये असा ठरावीक साचा नाही आणि वाटणी बरीचशी न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवलेली असते. आपल्याला लागू होणारा मूळ नियम दोघांनाही मान्य असेल, तर कराराची गरजच उरत नाही.

दुसरी चौकशी करार किती बंधनकारक ठरेल याची. जर्मनीत तो नोटरीपुढे, दोन्ही पक्ष एकाच वेळी हजर असताना करावा लागतो. कॅलिफोर्नियात अंतिम मसुदा हाती आल्यापासून सहीपर्यंत किमान 7 दिवस जावे लागतात. इंग्लंडमधल्या एका प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असे म्हटले, की दोघांनी स्वखुशीने आणि परिणाम पूर्ण समजून केलेला करार, तो पाळायला लावणे अन्यायकारक ठरत नसेल तर, न्यायालयाने मान्य करावा; तरीही अंतिम अधिकार न्यायालयाकडेच राहतो. भारतात अशा करारांसाठी सर्वांना लागू असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे करार 1872 च्या करार कायद्यावर तपासला जातो आणि त्याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्दबातल ठरतो. जिथे करार पूर्णपणे बंधनकारक नसतो, तिथेही दोघांच्या सहीची मालमत्तेची यादी आणि कोणी किती पैसे घातले याची नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते.

यानंतर खरे कष्टाचे काम सुरू होते, ते म्हणजे कराराला जोडायची मालमत्ता-कर्जांची यादी, म्हणजेच परिशिष्ट, तयार करणे. प्रत्येकाने आपली संपूर्ण आर्थिक स्थिती दुसऱ्यासमोर मांडायची असते. त्यात बँकेतील शिल्लक, ठेवी, शेअर, निवृत्तिनिधी, विमा, घर-जमीन, दागिने, व्यवसायातील हिस्सा आणि वार्षिक उत्पन्न येते. शिवाय सर्व कर्जे, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि दुसऱ्या कोणासाठी दिलेली जामीनकीही यायला हवी. जामीनकी लोक हमखास विसरतात, कारण ती स्वतःचे कर्ज वाटत नाही, पण मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की ती संसाराच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, अंदाजे मूल्य आणि ते कशावरून काढले हे लिहावे. न्यायालये करार मोडीत काढतात त्यांतले एक नेहमीचे कारण म्हणजे एकाने काहीतरी लपवलेले असते. म्हणून छोटी वाटणारी रक्कमही गाळू नये.

दुसरे नेहमीचे कारण घाई आणि दडपण. ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 2017 मध्ये निकाली काढलेले एक प्रकरण या दृष्टीने मुळातून समजून घ्यावे असे आहे. श्रीमंत नियोजित पतीने लग्नाला थोडेच दिवस उरलेले असताना करार पुढे केला आणि सही नसेल तर लग्न होणार नाही असे सांगितले. वधू परदेशातून त्याच्या भरवशावर आली होती आणि लग्नासाठी तिचे कुटुंबीयही येऊन पोहोचले होते. तिच्या स्वतंत्र वकिलांनी सही करू नका असा स्पष्ट सल्ला दिला, तरीही तिने लग्नाच्या 4 दिवस आधी सही केली आणि लग्नानंतर जवळपास तशाच दुसऱ्या करारावरही केली. न्यायालयाने दोन्ही करार रद्द केले. वकील होता, सल्ला लेखी होता, तरी नाही म्हणण्याची मोकळीक तिला उरली नव्हती. ज्याच्या हाती जास्त पैसा आहे त्याने हे मनावर घ्यावे, कारण समोरच्याला कोंडीत पकडून मिळवलेली सही अखेर त्याच्याही कामाची राहत नाही. बोलणी लग्नाच्या काही महिने आधी सुरू करावीत, दोघांचे वकील वेगळे असावेत, आणि कमी कमावणाऱ्याला वकिलाची फी परवडत नसेल तर ती दुसऱ्याने भरावी, पण वकिलाची निवड मात्र ज्याची त्याने करावी.

कलमे लिहिताना सर्वांत जास्त वेळ घराला द्यावा. समजा, एकाने लग्नाआधी 100 एककांना घर घेतले, त्यातले 40 स्वतः भरले आणि उरलेले 60 एककांचे मुद्दल लग्नानंतर दोघांच्या समाईक उत्पन्नातून फेडले गेले. पुढे घराची किंमत 180 झाली. करारात एवढेच लिहिले असेल की ‘लग्नाआधीची मालमत्ता ज्याची त्याची’, तर वाद अटळ आहे. वाढलेली किंमत पूर्णपणे मूळ मालकाची धरली, तर दुसऱ्याच्या वाट्याला फक्त फेडलेल्या 60 चे निम्मे, म्हणजे 30 येतात. वाढ गुंतवणुकीच्या प्रमाणात वाटली, तर मूळ 40 चे 72 होतात, समाईक 60 चे 108 होतात, आणि दुसऱ्याला 54 मिळतात. दोन्ही रीती वाजवी ठरू शकतात, पण कोणती लागू करायची हे करारात आकड्यांच्या उदाहरणासह लिहायला हवे. व्याज आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून गेला तर कसा धरायचा, हेही तिथेच नमूद करावे. वारशाने आलेली रक्कम समाईक खात्यात जमा झाली आणि घरखर्चात मिसळली, की काही वर्षांनी ती वेगळी काढून दाखवणे फार अवघड जाते. अशा रकमेसाठी स्वतंत्र खाते ठेवणे हाच सोपा उपाय आहे.

व्यवसायाबाबतीत मूल्यांकन कोण करील आणि कोणत्या तारखेचे धरले जाईल, हे ठरवावे. कर्जाबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्यावी, की करार फक्त दोघांना बांधतो. दोघांनी सह्या करून घेतलेले कर्ज एकानेच फेडायचे असे तुम्ही आपसात ठरवले, तरी बँक दोघांकडेही वसुली मागू शकते.

मुलांसाठी किंवा घरातल्या वृद्धांसाठी एकाने नोकरी सोडली किंवा कमी केली, तर त्याचे मोल करारात दिसलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. अशी व्यक्ती पगारच नव्हे, तर बढती, अनुभव आणि निवृत्तिनिधीही गमावते, आणि कोरडा ‘ज्याचे त्याचे’ हा नियम तिच्यावरच उलटतो. त्या काळात कमावणाऱ्याने दुसऱ्याच्या नावे निवृत्ती-बचतीत दरमहा किती टक्के भरायचे, किंवा संसाराची जितकी वर्षे होतील तसा तिचा हिस्सा कसा वाढत जाईल, हे लिहिता येते. पोटगीवर आधीच पाणी सोडायला लावणारी कलमे अनेक ठिकाणी टिकत नाहीत. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही 2001 मध्ये गरोदर स्त्रीने सही केलेल्या अशाच एकतर्फी कराराला संरक्षण नाकारले. मुलांचा ताबा आणि त्यांचा खर्च तर करारात ठरवूच नये, कारण तो हक्क मुलांचा असतो आणि त्याचा निर्णय त्या वेळच्या त्यांच्या हिताकडे पाहून होतो.

विवाहोत्तर करार साधारणपणे काही बदल घडल्यावर केला जातो. वारसा मिळतो, एक जण धंद्यात उतरतो, किंवा पैशावरून झालेल्या भांडणानंतर दोघांना नव्याने घडी बसवायची असते. काही न्यायालये तो अधिक बारकाईने तपासतात, कारण पतिपत्नी एकमेकांवर विश्वास टाकून असतात आणि लग्नाआधी असते तशी माघार घेण्याची मोकळीक त्यांना नसते. म्हणून दोघांनाही काही मिळते आहे हे करारातून स्पष्ट दिसावे. संसार मोडण्याच्या बेताला आला असेल, तर मात्र हा मार्ग सोडून विभक्त होण्याच्या तडजोडीचा सल्ला घ्यावा.

सहीच्या दिवशी दोघांच्या वकिलांचे लेखी सल्लापत्र, प्रत्येक पानावर सह्या, साक्षीदार आणि तिथल्या कायद्याप्रमाणे नोटरी किंवा नोंदणी, एवढे पूर्ण करावे. मृत्युपत्र आणि नामनिर्देशन कराराशी जुळवून घ्यावे, नाहीतर तीन कागद तीन गोष्टी सांगतात. मूल झाले, घर घेतले, किंवा दुसऱ्या देशात राहायला गेलात, की करार पुन्हा वकिलाला दाखवावा; तो कोणत्या देशाच्या कायद्याने वाचला जावा हे कलम आधीपासून असले, तरी नव्या देशातले न्यायालय ते मानेलच असे नाही, म्हणून तिथल्या वकिलाचे मत सामान हलवण्यापूर्वीच घ्यावे.