समन्वयाचा सराव: हालचाल खरंच सुधारतेय का?

हात आणि डोळ्यांचा समन्वय तपासायची ही सोपी चाचणी: भिंतीपासून 2 मीटरवर उभं राहायचं. उजव्या हाताने खालून चेंडू भिंतीवर टाकायचा, डाव्याने झेलायचा, मग उलट. 30 सेकंदांत किती झेल, ते मोजायचं. पण नुसता आकडा फसवा असतो. खांदे कानापर्यंत चढवून, श्वास रोखून, चेंडूमागे धावत घेतलेले 20 झेल आणि जागेवरून सैल हाताने घेतलेले 20 झेल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून मोबाइल स्टँडवर, कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने चित्रीकरण करा. हातात धरलेल्या मोबाइलचा कोन दर वेळी बदलतो, मग तुलना कशी करणार? नंतर संथ गतीने पाहत तीन गोष्टींना 0 ते 2 गुण द्या: पाय जागेवर राहतात का, लय टिकते का, आणि झेल सुटल्यावर हालचाल लगेच सावरते का. यातली तिसरी सगळ्यांत बोलकी.

सराव संपल्या संपल्या चाचणी घेऊ नका. तेव्हा दिसणारी सफाई बऱ्याचदा तात्पुरती असते; दमलेल्या अंगाने उलटंही दिसू शकतं. 24 ते 48 तासांनी घ्या: तेच बूट, तोच चेंडू, तेवढाच वॉर्मअप. तीन फेऱ्यांतला मधला आकडा नोंदवा, सर्वोत्तम नव्हे. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. रोज घेतली तर चाचणीच पाठ होते.

गुण स्थिरावले की 100 पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजताना तीच चाचणी घ्या. लय टिकली, तर हालचाल अंगवळणी पडतेय. कोलमडली, तर वेग वाढवण्याची घाई नको.