पुरुषांनी हील्स घ्यायच्या तर माप कसं बघायचं

आधी माप. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, कागदावर उभं राहून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत, दोन्ही पायांचं, आणि मोठा असेल तो धरायचा. २६ सेमी आलं तर युरोपियन साइज साधारण ४१, आणि बायकांच्या सेक्शनमध्ये बरीच दुकानं तिथेच संपतात, मग ऑनलाइन शोधा. पण खरी कटकट रुंदीची. आपला चवडा पसरट, टोकदार पंप्समध्ये (पुढून बंद, बिनपट्ट्याच्या हील्स) करंगळी चेपते, म्हणून लोक एक साइज मोठी घेतात नि मग टाच सारखी बाहेर येते!! त्यापेक्षा वाइड फिट, पुढून गोल किंवा चौकोनी, घोट्याला पट्टा असलेली बघा. लेदर वापरून थोडं सैल होतं, रेक्झिन फारसं नाही. पहिली जोडी दोन इंची ब्लॉक हीलच (जाड, रुंद टाचेची) घ्या, पेन्सिल हील पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकते (आपले फुटपाथ बघताच आहात). आधी घरात चाला, छोटी पावलं, टाच आधी टेकवून. बाहेर लांब पॅन्ट घातली तर बऱ्याच जणांना कळतही नाही, आणि बघितलंच कोणी तर बघू दे, हील्स इराणी घोडेस्वार घालायचे, रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून. बॅगेत साध्या चपला मात्र ठेवा.