गाठींचा दोर

कॉलेजची फुटबॉल टीम तीन वर्षांत अख्खी बदलते. क्लबात एकच स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, दहा-दहा वर्षं खेळतो. आपल्याकडं पोरगा नीट तयार झाला की त्याची डिग्री पूर्ण होते. म्हणून टीमला लागलेल्या सवयी पुढच्या बॅचच्या हवाली करणारी पोरं घडवणं, हे मला सरावाइतकंच मोठं काम वाटतं. बेळगावात चौदा वर्षं फिजिकल डायरेक्टर, म्हणजे कॉलेजचा क्रीडाशिक्षक म्हणून मी यातच आहे. पहिल्यांदा टीम हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सरावाची वेळ ठरवताना आधी बसच्या वेळा विचारा. कॅम्प आणि टिळकवाडीतली पोरं सायकलवर येतात, येळ्ळूर-कंग्राळीची कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून, पण खानापूरकडच्या पोराला बसशिवाय इलाज नाही. पहिल्या वर्षी मी पावणेसहाची वेळ ठेवली होती आणि उशीर झाला की मैदानाला दहा फेऱ्या. खानापूरचा एक पोरगा रोज दहा फेऱ्या मारायचा, एका शब्दानं बोलला नाही. पंधरा दिवसांनी यायचाच बंद झाला. वर्गात गाठून विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, पहिल्या बसनं आलो तरी साडेसहा होतात की." मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून पावणेसात, आणि त्यानंतर मात्र कुणालाच सूट नाही, कॅप्टनलाही नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते. सरावाला दांडी मारणारी हीच पोरं तेव्हा मंडळात रात्र-रात्र जागतात. त्यांना तिथं कुणी हजेरी विचारत नाही. पण जनरेटर बघणारा आला नाही तर चित्ररथावर अंधार होतो, हे त्यालाही माहीत असतं आणि गल्लीलाही. आपल्यावाचून काहीतरी अडतंय, हे ज्याला कळतं तो येतो. टीममध्येही तसंच करा. चोवीस पोरं असतील तर चोवीस कामं काढा, आणि काम असं द्या की तो नसला तर सराव खरोखर अडला पाहिजे.

एकाकडं बॉलची हवा. पंपाची सुई आधी ओली करायची. कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो. एकाकडं फर्स्ट एडची पेटी आणि बर्फ. जाळ्या सगळ्यात जड, त्या कॅप्टननं आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांनीच उचलायच्या. सीनियरनं आपलं बिब (सरावात जर्सीवर घालायचं जाकीट) ज्युनियरला धुवायला दिलेलं दिसलं, तर त्याच दिवशी थांबवा. यात मी कधीच तडजोड करत नाही, कारण पहिल्या वर्षाचं पोरगं जे सोसतं तेच तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला सोसायला लावतं.

आणि एकाकडं दोर. फक्की मारायच्या आधी मापं घ्यायला आमच्याकडं एक सुती दोर आहे. त्याला चार गाठी: ५.५ मीटरवर गोलपुढच्या छोट्या चौकटीची (गोल एरिया), ९.१५ वर मधल्या वर्तुळाची, ११ वर पेनल्टीच्या ठिपक्याची आणि १६.५ वर पेनल्टी एरियाची. सुती दोर भिजला की आखडतो, आणि इथला पाऊस तर माहीतच आहे. त्यामुळं दर पावसाळ्यानंतर टेप लावून गाठी सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. दोर सांभाळणारा कॉलेज सोडताना स्वतःच्या हातानं पुढच्याला देतो.

हाकांचंही ठरवून घ्या. आमच्या टीममध्ये मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी सगळं चालतं. एका मॅचमध्ये स्टॉपर "सोड, सोड" ओरडला आणि कीपरनं ते त्याच्या घरच्या कन्नड "बिडू"सारखं पटकन धरलंच नाही. दोघंही एकाच बॉलवर गेले, गोल झाला. सीमाभागात भाषेवरून मनं किती लवकर दुखावतात हे मी वेगळं सांगायला नको, म्हणून प्रशिक्षकानं आपली भाषा लादू नये. मी पोरांना गोल करून बसवलं आणि म्हटलं, सहा हाका तुम्हीच निवडा. मागून माणूस आला की कन्नडमधलं "हिंदे" (मागे), हे त्यांनी ठरवलं. मराठी घरातली पोरंही आज तेच ओरडतात.

राखीव खेळाडूंबद्दल मी उशिरा शिकलो, आणि ते शिकताना एका पोराला त्रास झाला. आमचा दुसरा कीपर दोन वर्षं बाकावर होता. सराव सामन्यातही मी पहिल्यालाच उभा करायचो. एका महत्त्वाच्या मॅचमध्ये पहिल्याचं बोट निखळलं. दुसरा आत गेला तेव्हा त्यानं धड वॉर्म-अपही केलेला नव्हता, कारण मी कधी त्याला करायलाच लावलं नव्हतं. तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या हातातून ओला बॉल निसटला आणि आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये कुणी त्याच्या शेजारी बसलं नाही. मी जाऊन बसलो आणि चूक माझी आहे हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

तेव्हापासून आठवड्यातल्या एका सराव सामन्यात राखीव पोरंच आधी उतरतात आणि नेहमीचे अकरा बाहेर बसून पाणी देतात. मॅचच्या दिवशी दोन्ही कीपरांना सारखाच वॉर्म-अप, बॉलही सारखेच. खेळायला मिळालं नाही अशा पोराशी त्याच संध्याकाळी बोला आणि का घेतलं नाही ते नेमकं सांगा. "पुढच्या वेळी बघू" असं मोघम सांगितलं की पोरगा मनातून टीम सोडतो, मग रोज आला तरी उपयोग नाही.

तो कीपर मोडून पडला नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं दोराचं काम मागून घेतलं. आता नोकरी करतो, तरी रविवारी कीपरांना शिकवायला येतो. गेल्या पावसाळ्यानंतर मी मैदानावर पोचलो तेव्हा तो पहिल्या वर्षाच्या एका पोरासोबत गवतात उकिडवा बसला होता. टेपचं टोक स्वतः धरलं होतं आणि ११ ची गाठ त्या पोराकडून बांधून घेत होता.