जुना रोबोट, नवा डबा: रीइश्यू खेळणी घेताना या चुका टाळा

लहानपणी जो रोबोट मिळाला नाही, किंवा मिळून हरवला, तो तीस-चाळीस वर्षांनी तशाच डब्यात पुन्हा विकायला आला की हात आपोआप खिशाकडे जातो. यात लाजण्यासारखं काही नाही. २०१४ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये आलेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं की जुन्या आठवणीत रमलेला माणूस पैसे सहज सोडतो. खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे. त्यांच्याहून जास्त ते पुनर्विक्रेत्यांना ठाऊक आहे.

आठवणीसाठी पैसे खर्च करण्याला माझा अजिबात विरोध नाही. वयाचे पैसे मात्र वय असलेल्या वस्तूलाच द्यावेत. रीइश्यू म्हणजे जुन्या खेळण्याची आज बनलेली आवृत्ती, तिला आजच्या चांगल्या खेळण्याचा भाव. लोक फसतात ते बहुतेक वेळा हे दोन भाव एकमेकांत मिसळल्यामुळे.

खेळण्यावर कोरलेलं साल म्हणजे बनवल्याचं साल, असं धरून चालणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. 'पाठीवर १९८० लिहिलंय, म्हणजे अस्सल जुना' असं विक्रेता म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो.

ते साल असतं हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं, आणि ते धातूच्या साच्यातच कोरलेलं असतं. साचा पुन्हा वापरला की तेच साल पुन्हा उमटू शकतं. ट्रान्सफॉर्मर्सचं उदाहरण घ्या. हॅस्ब्रोने १९८४ मध्ये ही खेळणी अमेरिकेत आणली, पण सुरुवातीचे बरेचसे रोबोट जपानच्या टाकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रो चेंज या आधीच्या मालिकांमधले होते. ऑप्टिमस प्राइम डायक्लोनमधला, मेगॅट्रॉन आणि साउंडवेव्ह मायक्रो चेंजमधले. त्यामुळे १९८४ च्या अस्सल खेळण्यावर १९८० किंवा १९८२ दिसू शकतं, आणि २००० नंतरच्या रीइश्यूवरही जुनं साल राहू शकतं. एकट्या सालावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग पाहायचं काय? डब्याच्या कडा आणि तळ. दुकानातल्या मालावरचा बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो जून १९७४ मध्ये. तेव्हा 'साठच्या दशकातला पत्र्याचा रोबोट' म्हणून दाखवलेल्या डब्यावर काळ्या रेघा असतील, तर डबा तरी साठच्या दशकातला नाही. युरोपातली खेळण्यांवरची 'सीई' ही सुरक्षेची खूण १९९० पासूनची. टाकारा आणि टोमी या कंपन्या २००६ मध्ये एक झाल्या, म्हणून 'टाकारा टोमी' हे जोडनाव असलेला डबा त्यानंतरचाच. ट्रान्सफॉर्मर्सवरची बोटाच्या उबेने चिन्ह दाखवणारी चकती १९८५ मध्ये आली. ती असलेला रोबोट 'पहिल्या वर्षीचा' म्हणून विकला जात असेल, तर शंका घ्यायलाच हवी.

पत्र्याच्या रोबोटांत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे उंची. मासुदाया कंपनीचे पाच मोठे रोबोट संग्राहकांत 'गँग ऑफ फाइव्ह' म्हणून ओळखले जातात. मूळ रोबोट साधारण पंधरा इंच उंच आणि बॅटरीवर चालणारे. त्याच कंपनीने नंतर त्यांच्या छोट्या, चावीच्या आवृत्त्या काढल्या. त्याही सुंदर आहेत. पण पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेल्या फोटोत पंधरा इंच आणि पाच इंच यांतला फरक कळत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता लगेच पाठवतो.

सगळ्या 'पुन्हा आलेल्या' खेळण्यांना एकाच तराजूत तोलणं

जुन्या साच्यातून काढलेलं खेळणं, जुन्यासारखं दिसणारं पण नव्या साच्याचं खेळणं, आणि परवान्याशिवाय केलेली नक्कल या तीन वेगळ्या वस्तू आहेत. जाहिरातीत मात्र तिन्हींवर एकच शब्द असतो: रीइश्यू.

जपानच्या पोपी कंपनीचा मॅझिंगर झेड हा रोबोट १९७४ मध्ये चोगोकिन मालिकेत आला, हातात जड लागणारा, ओतीव जस्ताचा. बंदाईने १९९७ मध्ये 'सोल ऑफ चोगोकिन' सुरू केली तेव्हा पहिला मान पुन्हा मॅझिंगर झेडलाच दिला, पण ते नव्याने घडवलेलं खेळणं होतं. टाकारा टोमीची २०२४ मध्ये सुरू झालेली 'मिसिंग लिंक' मालिकाही तशीच: चेहरामोहरा १९८४ चा, सांधे आजचे. अशा खेळण्याची किंमत जुन्या साच्याच्या रीइश्यूपेक्षा जास्त असेल तर ते रास्त आहे, कारण नवी रचना आणि नवे साचे यांचा खर्च त्यात आहे. ज्याला मात्र लहानपणीचा ताठ, गुडघा न वाकणारा रोबोटच हवा आहे, त्याने ते घेऊन हिरमुसू नये.

जुन्या साच्यातून आलेलं खेळणंही तंतोतंत तेच असेल असं नाही. सुरक्षेचे नियम मधल्या काळात बदलले. १९७८ मध्ये अमेरिकेत खेळण्यातलं उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा जीव गेला आणि त्यानंतर उद्योगाने अशा तुकड्यांबाबत धडा घेतला. अमेरिकी आवृत्त्यांत स्प्रिंग मुद्दाम कमजोर केलेली आढळते ती यामुळेच. २००२ च्या अमेरिकी रीइश्यू ऑप्टिमस प्राइमच्या धुराड्याच्या नळ्या आखूड केल्या होत्या. मेगॅट्रॉन तर वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचं रूप घेतो. १९८८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या पिस्तुलावर ठळक नारिंगी खूण लागते. अशी खूण नसलेलं खेळणं परदेशातून मागवताना सीमाशुल्क खात्यात अडकू शकतं, आणि पार्सल जप्त झालं तर बहुतेक विक्रेते पैसे परत करत नाहीत. आधी विचारून घ्या.

आयडियल कंपनीचं 'मिस्टर मशीन' हे याहून बोलकं उदाहरण. १९६० च्या मूळ खेळण्याची खरी गंमत होती ते पूर्ण सुटं करून पुन्हा जोडण्यात. १९७८ ची आवृत्ती शिट्टी वाजवत चालायची, पण सुटी होत नसे. नाव तेच, तोंडवळा तोच, आणि नेमका ज्यासाठी मुलांनी जीव टाकला तो भागच गायब. ज्याची आठवण भाग जोडण्याची आहे, त्याने १९७८ चं मिस्टर मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

नकलांबद्दल थोडक्यात. संग्राहक त्यांना 'केओ' (नॉक-ऑफ) म्हणतात. डब्यावरची छपाई धूसर, हक्काची ओळ खरवडलेली किंवा गायब, प्लास्टिकचा रंग किंचित वेगळा, स्क्रू गंजके. काही नकला तर रीइश्यूवरूनच साचा घेऊन केलेल्या असतात. 'जेटफायर रीइश्यू' अशी जाहिरात दिसली तर विशेष जपा. ट्रान्सफॉर्मर्समधला मूळ जेटफायर टाकाराच्या साच्यातला नव्हताच, तो ताकातोकू कंपनीच्या मॅक्रॉस मालिकेतल्या वाल्किरी विमानाचा साचा. ते साचे पुढे बंदाईकडे गेले आणि बंदाईने ते मॅक्रॉसच्या नावाने पुन्हा वापरले. हक्कांचा हा गुंता माहीत असला की अशा जाहिरातीतला डबा बहुधा नकली आहे हे फोटो न पाहताही कळतं.

मागितलेल्या किमतीला बाजारभाव समजणं

कोणीही काहीही मागू शकतो. भाव म्हणजे प्रत्यक्ष विक्री झालेली किंमत. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकलेल्या वस्तू' अशी गाळणी असते, ती लावून गेल्या काही महिन्यांतले सौदे पाहा, आणि सर्वांत वरचा आकडा सोडून मधले आकडे धरा. वरचा आकडा बहुतेकदा दोन हट्टी माणसांच्या चढाओढीचा असतो.

उलट बाजूची चूकही तितकीच होते: 'तेव्हा वीस डॉलरला मिळायचा, आता साठ? लूट आहे!' अमेरिकेतल्या महागाईच्या हिशेबाने १९८४ चे २० डॉलर म्हणजे २०२४ चे सुमारे ६० डॉलर. त्या काळी वीस डॉलरला असलेला रोबोट आज साठला असेल, तर तो महागलेलाच नाही. कंपनीवर चिडण्याआधी हा गुणाकार करून पाहावा. मग त्याच खेळण्याला पुनर्विक्रेता दीडशे मागत असेल तर वरचे नव्वद कशाचे, हा प्रश्न नेमका विचारता येतो. कधी उत्तर 'साठा संपलाय' असं असतं, कधी नुसतं 'घाई आहे तुम्हाला' असं.

त्या घाईनेच जास्त पैसे जातात. रीइश्यू संपला की पहिल्या काही आठवड्यांत भाव उसळतो. पण साचा कंपनीच्या कपाटातच असतो, आणि मागणी दिसली की ती दुसरा हप्ता काढू शकते. म्हणूनच रीइश्यूचे सीलबंद डबे 'गुंतवणूक' म्हणून रचून ठेवणं मला पटत नाही. मूळ खेळण्याची संख्या आता वाढणार नाही, रीइश्यूची कधीही वाढू शकते. या दोन टंचाईंना एकच भाव लावू नका.

मूळ खेळणं असणाऱ्यांसाठीही यात धडा आहे. रीइश्यू आला की सुट्या, वापरलेल्या मूळ खेळण्यांचा भाव घसरतो, कारण ज्यांना नुसतं कपाटात ठेवायला हवं होतं त्यांची गरज भागते. सीलबंद किंवा डब्यासकट पूर्ण असलेल्या मूळ खेळण्याला सहसा तेवढा धक्का बसत नाही. रीइश्यूची घोषणा झाल्यावर घाबरून विकायला काढू नका. चार-सहा महिने थांबून मग पाहा.

'पूर्ण आहे' या शब्दावर विसंबणं

मूठ, क्षेपणास्त्र, बंदूक हे भाग सर्वांत आधी हरवतात. रीइश्यूमुळे ते पुन्हा मिळू लागले आणि जुन्या रोबोटाच्या हातात नवी बंदूक देऊन तो 'मूळ, पूर्ण' म्हणून विकणं सोपं झालं. प्रत्येक भागाचा वेगळा, जवळून काढलेला फोटो मागा. रंगाची छटा, चकाकी आणि कडेवरच्या रेषा जुळतात का बघा. मिश्र रोबोट घेण्यात गैर काही नाही, फक्त त्याचा भाव मिश्र असावा. ट्रान्सफॉर्मर्सच्या जुन्या डब्याच्या मागून 'रोबोट पॉइंट्स' (कापून कंपनीकडे पाठवायची कुपनं) कापलेले असतील तर डब्याची किंमत उतरते, हेही विसरू नका.

घरी आणल्यावर

क्षेपणास्त्र उडत नाही म्हणून स्प्रिंग ताणू नका. ती तशीच ठेवलेली असू शकते आणि ताणली की कायमची जाते. सांधा सैल वाटला तर आधी स्क्रू घट्ट करा, तरीही झुलत असेल तर सांध्याच्या गोळ्यावर पारदर्शक वार्निशचा पातळ थर देऊन पूर्ण वाळू द्या. सांधा घट्ट वाटला तर शिवणयंत्राचं तेल अजिबात नको. खनिज तेलाने काही प्लास्टिकला चिरा जातात. सिलिकॉनचं तेल, तेही थेंबभर. चांदीसारखा चमकणारा मुलामा अतिशय पातळ असतो, तो स्पिरिटने पुसला तर निघून येतो, म्हणून फक्त कोरडं मऊ कापड.

पिवळं पडलेलं जुनं पांढरं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवतात, पण पिवळेपणा परत येऊ शकतो आणि विकताना हे लपवणं म्हणजे फसवणूक. सोनेरी चमक मिसळलेलं जुनं प्लास्टिक तर काळजीचा विषय. ते काळानुसार इतकं ठिसूळ होतं की नुसतं वळवताना तुकडे पडतात. संग्राहक याला 'गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम' म्हणतात. असा मूळ रोबोट महाग घेऊन त्याला हात न लावण्यापेक्षा, साध्या प्लास्टिकमध्ये नवी आवृत्ती निघाली असेल तर ती मी बेधडक सुचवेन.

बॅटरीवर चालणाऱ्या पत्र्याच्या रोबोटातून सेल काढून ठेवा. चालत नसेल तर आधी सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या बघा. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी, त्यावर खाण्याचा सोडा. अल्कलाइन सेलची त्याउलट, त्यावर व्हिनेगरचा ओलसर बोळा. दोन्हींत नंतर पट्टी कोरडी करा. पत्र्यावरची रंगीत छपाई धातूच्या पॉलिशने घासू नका, गंजाबरोबर चित्रही जातं. चावी अडली तर जोर लावू नका. बहुतेक वेळा दात्यांत केस किंवा दोरा अडकलेला असतो, तो चिमट्याने निघतो.

घरात लहान मूल असेल तर मूळ पत्र्याचा रोबोट त्याच्या हाती देऊ नका. अमेरिकेने खेळण्यांवरच्या शिसेयुक्त रंगावर बंदी घातली ती १९७८ मध्ये, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि पत्र्याच्या कडा बोट कापतात. मुलाला खेळायला द्यायचा असेल तर डब्यावरचा वयोगट पाहून अधिकृत रीइश्यूच द्या, आणि सुटी क्षेपणास्त्रं आधीच काढून ठेवा.