एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) असताना गुडघा बदलायचा विचार करताय? या चुका टाळा

माझी उजवी चप्पल अंगठ्याकडे नेहमी आधी झिजते. हे मी हाडांच्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. गुडघ्यासाठी गेले होते, त्यांनी गुडघाच पाहिला. एक्स-रेत फट कमी झालेली, ऑपरेशनची तारीखही जवळपास ठरली. मग फिजिओने चालून दाखवायला सांगितलं आणि चप्पल उलटी करून पाहिली. म्हणाली, "ताई, तुमचं पाऊलच उचललं जात नाही. ते काही गुडघ्यामुळे नव्हे."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एमएसमध्ये मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होतं. नवा गुडघा झिजेचं दुखणं काढील, पायातली ताकद परत आणणार नाही. जिना उतरताना दुखतं आणि बसलं की थांबतं, तर बहुधा सांधाच. पडल्यापडल्या जळजळ, मुंग्या, पोटरी ताठणं हे मज्जातंतूंचं असू शकतं. खात्री होत नसेल तर सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन पाहता येतं. तेवढ्यापुरतं दुखणं विरलं तर मूळ सांध्यात. आणि रिलॅप्ससाठी, म्हणजे आजार पुन्हा उसळला म्हणून, वरचेवर स्टिरॉइड घेतली असतील, जांघेत दुखत असेल, तर खुब्याचा एमआरआय करायला सांगा. स्टिरॉइडमुळे तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसत नाही.

पाय ताठत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. नाहीतर नवा गुडघा वाकलेलाच राहायचा. खुबा बदलला असेल तर तो निखळायची भीती. ताठरपणावरचं बॅक्लोफेन चालू असेल तर "ऑपरेशनला उपाशी राहायचंय" म्हणून परस्पर बंद करू नका, अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. फिंगोलिमॉड हे एमएसचं औषध मधेच सोडल्यावर आजार उसळू शकतो. एमएससाठीच देतात त्या रिटुक्सिमॅबच्या डोसाची आणि ऑपरेशनची तारीख एमएसच्या आणि हाडांच्या, दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायची असते. आपण मधे निरोप्या होऊ नये, चिठ्ठी लिहून घ्यावी. लघवी पूर्ण होत नसेल तर तपासणी आधीच करा, तिथला जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो.

मे महिन्यातली तारीख मी तरी घेणार नाही. गोव्यातला तो दमटपणा धडधाकट माणसालाही थकवून टाकतो. एमएसमध्ये अंग तापलं की पायच लुळे पडू शकतात. ऑपरेशननंतर ताप येऊन असं झालं तर लगेच रिलॅप्स समजू नका, आधी ताप कशाचा ते शोधायला लावा.

पैशांचं: डीडीएसएसवाय (गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना) कार्डावर तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख. तुमचं ऑपरेशन त्यात कुठल्या इस्पितळात बसतं, ते भरती होण्याआधी विचारा.

वॉकरला हातात जोर लागतो, हे कुणी सांगत नाही. मी शेजारून एक उसना आणून पाहिला. घरात जमलं. दारातल्या चिऱ्यांच्या पाच पायऱ्यांवर मात्र तिसरीलाच अडकले, सुनेने धरलं म्हणून निभावलं. आता पाऊल उचलून धरणारी पट्टी बांधून चालते, पायऱ्यांना गवंड्याकडून कठडा करून घेतलाय. ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू.