पाहुणा धूमकेतू बघताना या चुका टाळा

१९ डिसेंबर २०२५ ची पहाट. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वीसेक माणसं शाली लपेटून जमली होती. मार्गशीर्ष अमावस्या, त्यामुळे चंद्राची अडचण नव्हती. साडेचारला मघा तारा जवळजवळ डोक्यावर होता आणि त्याच सिंह राशीत ३आय/ॲटलास. दुसऱ्याच कुठल्यातरी ताऱ्याभोवती जन्मलेला हा धूमकेतू त्या दिवशी पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला होता. तिसरीतली एक मुलगी स्टुलावर चढली, आठ इंची दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, शेपूट कुठाय?"

शेपूट दिसतच नव्हतं. साधा धुरकट ठिपकाही नव्हता. हे मी सगळ्यांना आदल्या रात्रीच सांगायला हवं होतं, त्याची रुखरुख अजून आहे. लोक झोपमोड करून येतात, त्यांचा विरस होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

प्रत न बघता गच्चीवर जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच. खगोलातली प्रत म्हणजे तेजाचा आकडा. आकडा मोठा तितकं तेज कमी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. गावाकडच्या काळ्याभोर आकाशात डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. ठाण्यात हायवेचे दिवे आणि टॉवरवरचे फ्लडलाइट यांच्यापुढे आपण तिसरीपर्यंत पोचलो तरी खूप. ३आय डिसेंबरात अकरा-बाराच्या घरात होता.

"पण आठ इंचीतून तेरावी प्रत दिसते म्हणतात ना?" दिसते, पण ताऱ्यांची आणि अंधाऱ्या जागी. इथेच भलेभले फसतात. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा पसरलेला असतो. चिमूटभर रांगोळी एका ठिपक्यात सोडा, लांबून दिसते. तीच चिमूट अख्ख्या अंगणात भुरभुरा, काही दिसणार नाही. त्यातून अंगण आधीच पांढरं असेल तर विचारूच नका. आपलं ठाण्याचं आकाश हे असं पांढरं अंगण आहे, आणि पाम बीच रोडलगतचं नवी मुंबईचंही.

तेव्हा डोळ्यांनीच बघायचं असेल तर मोठी दुर्बीण घेऊन वांगणी-कर्जतकडे किंवा मुरबाडच्या पुढे माळशेजच्या बाजूला जा. येऊर हाकेच्या अंतरावर आहे म्हणून रात्री तिकडे निघू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे, आणि शहराचा उजेड तिथेही पाठ सोडत नाही.

फोटोत धूमकेतू पुसला जातो तेव्हा

गच्चीवरून करण्यासारखं खरं काम कॅमेऱ्याचं. शेजाऱ्यांनी त्यांची स्मार्ट दुर्बीण आणली होती. ती दहा-दहा सेकंदांचे शेकडो फोटो काढून एकावर एक रचते, म्हणजे स्टॅकिंग करते. आमचा पहिला फोटो आला तर तारे सुईसारखे टोकदार आणि धूमकेतू गायब. कारण साधं आहे. सॉफ्टवेअर फोटो ताऱ्यांवर जुळवतं आणि धूमकेतू तर ताऱ्यांमधून सरकत असतो, त्यामुळे त्याचा फराटा होऊन तो विरून जातो. जुळवणी धूमकेतूवर करा. मग ताऱ्यांच्या रेघा होतील, होऊ द्या. (या रेघांनाच 'मागून उडणारी यानं' समजून पुढे पाठवणारे आमच्या ग्रुपवरही होते.)

तेही जमत नसेल तर सोपा उपाय. तासाभराच्या अंतराने दोन फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. साडेपाचला आम्ही तसे ठेवले. त्या मुलीने एकेक तारा बोटाने मोजत नेला आणि एका जागी थांबली. "हा इथे होता, आता इकडे आलाय." शेपटाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

गच्चीबद्दल दोन गोष्टी. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि चित्र थरथरतं, म्हणून पहाटेची वेळ बरी. आणि लिफ्टच्या मशीन रूमजवळ ट्रायपॉड लावू नका.

ॲप भलतीच जागा दाखवतं

आधी ठिकाण तपासा, कित्येकदा ते ठाण्याऐवजी परदेशातलं एखादं शहर असतं. मग धूमकेतूच्या कक्षेचे आकडे नव्याने उतरवून घ्या, जुन्या आकड्यांवर जागा चुकते. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिली असेल तर साडेपाच तास मिळवा. ११:३० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे पाच, सूर्य अजून वर असतो.

नावावरून गफलत

३आय म्हणजे तिसरा आंतरतारकीय. इंग्रजी आय एकच्या आकड्यासारखा दिसतो म्हणून लोक त्याला 'एकतीस ॲटलास' म्हणतात. त्याच्या आधीचे दोन म्हणजे २०१७ मधला ओमुआमुआ आणि २०१९ मधला बोरिसॉव्ह. ॲटलास हे तर आकाश धुंडाळणाऱ्या दुर्बिणींच्या प्रकल्पाचं नाव. त्यांच्या चिलीतल्या दुर्बिणीला हा १ जुलै २०२५ ला सापडला. या प्रकल्पाने शोधलेल्या कितीतरी धूमकेतूंच्या नावात ॲटलास असतं. नोव्हेंबरात सी/२०२५ के१ ॲटलासचे तुकडे झाले आणि 'पाहुणा फुटला' म्हणून फोटो फिरले. तो वेगळा, आपल्याच सूर्यमालेतला. ऑक्टोबरात संध्याकाळी पश्चिमेला शेपटासकट दिसला तोही वेगळाच, लेमन. फोटो पुढे पाठवण्याआधी नावाचा पहिला भाग वाचा: ३आय आहे की सी?

'रेडिओ संदेश आला'

दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीला ऑक्टोबरात ३आयच्या रेडिओ वर्णपटात हायड्रॉक्सिलच्या रेषा मिळाल्या. उन्हाने पाण्याचा रेणू तुटला की हायड्रॉक्सिल तयार होतं. म्हणजे बातमी होती पाण्याची, बर्फाळ धूमकेतूकडून अपेक्षित असलेली, आणि तीच संदेश म्हणून घरोघर पोचली. मला याचं वाईट वाटतं, कारण परक्या ताऱ्याकडचं पाणी ही गोष्ट मुलांना सांगायला पुरेशी थोर होती. जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडही भरपूर मिळाला.

धोक्याचं थोडक्यात सांगतो. १९ डिसेंबरलाही तो सुमारे २७ कोटी किमी दूर होता. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किमीवर आहे.

'आता परत कधी येणार?'

हॅलीसारखं वर्ष मोजू नका. हॅली लंबवर्तुळात फिरतो, ७६ वर्षांनी येतो, २०६१ मध्ये पुन्हा दिसेल. कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती लांबट आहे याचा आकडा, एकपेक्षा जास्त असली की वाट अपास्त होते, म्हणजे एकदाच आत आणि एकदाच बाहेर. ३आयची उत्केंद्रता सहाच्याही वर आहे. ऑक्टोबरअखेर सूर्याजवळून जाताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६८ किमी होता. ठाण्याहून कर्जतला लोकलने सव्वा-दीड तास बसावं लागतं, तेवढं अंतर हा एका सेकंदात. इतक्या वेगाला सूर्य आवरू शकत नाही. १६ मार्च २०२६ ही तो गुरूपासून सुमारे ५.४ कोटी किमीवरून जाण्याची तारीख, आणि तिथून तो तसाच पुढे निघतो. तोवर मोठ्या दुर्बिणीची सोय होत असेल तर अमावस्येच्या आसपासची रात्र धरा.